सभेचा पत्ता

नाव आणि गाव सांगणाऱ्याला नाशिक सहसा चुकू देत नाही. रामकुंडावर उतरलेल्या यात्रेकरूने आपले आडनाव आणि मूळ गाव तेवढे उच्चारावे, की दोन-चार ठिकाणच्या चौकशीनंतर त्याच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय हजर होतात, कापडी बासन सुटते, लांबट वहीची पाने उलटतात, आणि पणजोबांच्या अस्थी घेऊन आलेल्या आजोबांची सही, शाई फिकटलेली पण वळण ओळखू येईल अशी, नातवाच्या पुढ्यात येते. माझी सारी उमर महसुली दफ्तरात गेली असल्यामुळे या वह्यांविषयी मला मनापासून आदर आहे. सरकारी दफ्तरखान्यातून मागल्या पिढीचा एखादा कागद निघायला जेवढा काळ लागतो, तेवढ्यात येथे शतकापूर्वीचा पूर्वज निघतो. परंतु ज्यांनी आपली आडनावे बुद्ध्याच दाराबाहेर ठेवली आहेत आणि ज्यांच्यापाशी सभासदांची यादी म्हणून कसली नाहीच, अशा मंडळींची सभा याच शहरात कोठे भरते हे शोधून काढण्याची वेळ जेव्हा माझ्यावर आली, तेव्हा हे दफ्तरी शहाणपण काहीच कामाला आले नाही. दारू सोडू इच्छिणाऱ्यांची ही मंडळी जगभर ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या नावाने ओळखली जाते. आपसांत ते नुसते ‘ए.ए.’ म्हणतात.

दारूचा पत्ता मात्र येथे कोणालाही विचारावा लागत नाही. गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षमळे आणि त्यांच्यालगतच वारुणीगृहे उभी राहिली आहेत. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, दुसऱ्याच वर्षी राज्य शासनाने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण जाहीर केले, आणि तेव्हापासून शनिवारी-रविवारी कसारा घाट चढून येणाऱ्या मोटारींतली सगळीच मंडळी त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला निघालेली नसतात. हा झाला ऐपतदारांचा रस्ता. ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी देशीची दुकाने आहेत, आणि त्यांच्याही खालच्या पायरीवर हातभट्टी आहेच. मौज अशी, की १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव पालटून महाराष्ट्रात अद्याप अमलात आहे, आणि त्या कायद्याच्या अक्षराप्रमाणे पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ‘परमिट रूम’मध्ये परवाना मागितल्याचे कोणी कधी पाहिलेले नाही, तो शब्द पाटीवर तेवढा उरला आहे.

ज्याच्यासाठी मी पत्ता शोधत होतो तो माझा आतेभाऊ. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी वडील, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. हिशेबाच्या कामात त्याचा हात धरणारा त्याच्या कचेरीत दुसरा नव्हता, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत एका पैचाही घोळ त्याच्या नावावर लागला नाही. म्हणूनच घरच्यांनी, आणि खरे तर आम्ही सगळ्यांनीच, तो ‘जरा घेतो’ या चार अक्षरांच्या आडोशाला कित्येक वर्षे काढली. निवृत्तीनंतर मात्र सकाळी हात कापू लागले की ते थांबवण्यासाठीच पहिला पेला लागू लागला, तेव्हा उपायांची परंपरा सुरू झाली. वहिनींनी त्याला वणीला नेऊन सप्तशृंगीच्या पायाशी शपथ घ्यायला लावली. त्याच्या सासुरवाडीचे एक वृद्ध वारकरी दरवर्षी पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जातात. त्यांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि माळेने सुटलेली माणसे मी डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे त्या उपायाची थट्टा मी करणार नाही. परंतु दादाने एका संध्याकाळी ती माळ काढून देवघरात नीट ठेवली आणि मग तो बाहेर पडला. माळेचा अवमान होऊ नये इतकी श्रद्धा त्याच्यापाशी शिल्लक होती, अधिक नव्हती.

तिसरा उपाय सर्वांत वाईट. कोणा शेजारणीने वहिनींना एक पूड आणून दिली होती, ती आमटीत कालवून नकळत द्यायची. पुढे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले, की अशा पुड्यांत बहुधा डायसल्फिरॅम असते. हे औषध डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४८ च्या सुमारास पुढे आणले, आणि ते घेतलेल्या माणसाने वर दारू घेतली तर तोंड लाल होते, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, क्वचित प्राणही जातो. म्हणून रुग्णाच्या माहितीने आणि संमतीनेच ते द्यायचे असते. वहिनी त्यानंतर किती तरी दिवस आमटीचे भांडे चुलीवर ठेवताना थबकत असत.

माझा स्वतःचा उपाय भाषणाचा होता. मी दादाला यकृताविषयी, मुलींच्या संसारांविषयी, घराण्याच्या नावाविषयी सांगत असे, आणि तो ते इतक्या आदबीने ऐकून घेई की सांगणाऱ्याला आपले वक्तृत्व फळाला आल्याचा भास व्हावा. त्याच सुमारास एक दिवस सार्वजनिक वाचनालयात, १८४० पासून चालत आलेल्या त्या आमच्या जुन्या आसऱ्यात, मी ‘एकच प्याला’ पुन्हा वाचायला घेतले. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, बालगंधर्वांची सिंधू अवघ्या महाराष्ट्राने डोळ्यांत साठवली, आणि तेव्हापासून मराठी मनात दारुड्याचे जे चित्र आहे ते मुख्यतः सुधाकराचे आहे. मुन्सफाशी झालेल्या खटक्यापायी वकिलीची सनद काही काळ हातची गेलेला, मानी, बुद्धिमान सुधाकर. त्याला पहिला पेला देणारा त्याचाच कारकून तळीराम. आणि त्याला वाचवू पाहणारा निर्व्यसनी मित्र रामलाल. तरुणपणी मी या नाटकात सिंधूसाठी रडलो होतो. या खेपेला माझे लक्ष रामलालावर खिळून राहिले. तो जे जे बोलतो ते सारे खरे असते, आणि तरी त्यातले काहीही सुधाकराच्या कामी येत नाही. तळीरामापाशी मात्र ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे: बसायला जागा, ओळखीचे चेहरे, आणि आत येणाऱ्याला कोणीही खाली मान घालायला न लावणारी एक मंडळी. सुधाकर मध्येच एकदा निग्रहाने दारू सोडतो, नोकरीसाठी जुन्या प्रतिष्ठित परिचितांच्या दारात जातो, तेथून अवमान घेऊन परततो, आणि त्या दिवशी त्याला जाण्याजोगे एकच ठिकाण उरलेले असते.

मला वाटते, या नाटकातले सर्वांत मोठे दुःख येथे आहे, आणि टीकाकारांनी त्याच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. गडकऱ्यांनी दारूतून बाहेर पडलेला माणूसही रंगवला आहे. भगीरथ तो. परंतु रामलाल त्याला लोकसेवेच्या मार्गाला लावतो, आणि सुधाकराच्या उशाशी जाऊन बसण्याचे काम भगीरथाचे आहे, रामलालचे नाही, हे नाटकात कोणालाच सुचत नाही. सुचण्याचा काळही तो नव्हता. ज्या शोधाविषयी मी बोलतो आहे तो लागायला अद्याप सोळा वर्षे अवकाश होता.

तो शोध लागला तोसुद्धा एका माणसाने पत्ता शोधण्याच्या भरात. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअर बाजारातला मनुष्य १९३५ च्या मे महिन्यात ओहायो प्रांतातल्या अॅक्रन गावी एका व्यवहारासाठी आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, हातात पैसा उरला नाही, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एका अंगाला मद्यगृहाचा गलबला आणि दुसऱ्या अंगाला दूरध्वनी व गावातल्या चर्चांची यादी, अशा जागी तो येरझाऱ्या घालत होता. आपण आता पिणार हे त्याला दिसत होते. अशा वेळी तुम्ही-आम्ही एखाद्या सज्जनाला, वैद्याला किंवा धर्मोपदेशकाला हाक मारली असती. त्याने यादीतल्या धर्मोपदेशकालाच फोन केला खरा, पण मागणी विलक्षण केली: या गावातला एखादा दारुडा मला भेटवा. त्या साखळीतून एका बाईंच्या घरी त्याची गाठ पडली ती शस्त्रवैद्य डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी, जे तोवर अनेकांची प्रवचने ऐकून कंटाळले होते आणि याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ द्यायचा नाही असे ठरवून आले होते. पंधरा मिनिटांचे कित्येक तास झाले, कारण समोरचा माणूस उपदेश करीत नव्हता. आपली कैफियत सांगत होता, आणि ती सांगितल्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही हेही सांगत होता. डॉक्टरांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा. तोच दिवस ए.ए.चा जन्मदिवस मानतात. मग दोघे मिळून गावच्या इस्पितळात तिसऱ्याला गाठायला गेले, आणि तो खाटेवरचा तिसरा मनुष्य पेशाने वकील होता. हे वाचताना सुधाकराची आठवण न होणारा मराठी वाचक मला तरी कल्पिता येत नाही.

मुंबईत ही सभा १९५७ साली रुजली, म्हणजे मोरारजीभाईंच्या संपूर्ण दारूबंदीच्या भर अमलात. परवान्याशिवाय पिणे हा त्या वेळी नुसता कागदावरचा गुन्हा नव्हता. पोलीस खरोखरच तोंडाचा वास घेत. अशा दिवसांत चारचौघांत उभे राहून ‘मी दारुडा आहे’ असे म्हणणे म्हणजे जवळजवळ कबुलीजबाबच, आणि नावाशिवाय बोलण्याची जी चाल अमेरिकेत अब्रूसाठी पडली ती येथे दुहेरी उपयोगाची ठरली असली पाहिजे.

मला पत्ता मिळाला तो एका दवाखान्यातल्या समाजसेविकेकडून, किंबहुना पत्ता नव्हेच, कागदाच्या चिटोऱ्यावर एक दूरध्वनी क्रमांक. मी तो घरी येताच फिरवला आणि पलीकडच्या गृहस्थांना, सरकारी अर्ज लिहावा त्या क्रमाने, सारी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“पिणारे आपण, की घरातलं कोणी?”

“माझा आतेभाऊ.”

“मग काका, फोन त्यांनाच करू द्या. रात्री-बेरात्री केला तरी चालेल.”

“तो करायचा नाही हो.”

“मीही करणार नव्हतो,” ते म्हणाले, आणि वहिनींसाठी मात्र त्यांनी आपण होऊन दुसरा क्रमांक दिला. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अॅनॉन’ नावाची निराळी मंडळी आहे. बिल विल्सनच्याच पत्नीने १९५१ साली तिचा पाया घातला.

मला त्या उत्तराचा राग आला होता हे लपवत नाही. एवढ्या खटपटीने येथवर पोचलेल्या मनुष्याला असे दारातून परत लावतात काय! तरीही चिटोरा मी दादाच्या उशाखाली सरकवला. पुढे काय झाले ते मला वहिनींकडून कळले: एका पहाटे, दुकाने उघडायला अजून अवकाश असताना, कापऱ्या हाताने आकडे दाबता येईनात म्हणून दादाने वहिनींकडूनच क्रमांक लावून घेतला, आणि मग त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. पलीकडून पहिला सल्ला सभेचा मिळालाच नाही. ‘आधी दवाखाना गाठा,’ असे त्याला सांगण्यात आले, कारण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी थांबावे हे धोक्याचे असते; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येतात, भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. ते दिवस त्याने इस्पितळात काढले. त्यानंतर सभेचा पत्ता आला, तोही असा: “शाळेचं मागचं फाटक. पाटी शोधू नका. मी फाटकापाशी उभा असेन.”

या मंडळींच्या काही सभा केवळ त्यांच्यासाठीच असतात, आणि काही ‘ओपन मीटिंग’ म्हणून माझ्यासारख्या बाहेरच्यालाही खुल्या असतात. अशा एका सभेला दादाने मला नेले. वर्ग दुसरीचा असावा. भिंतीवर बाराखडी आणि फळांची चित्रे, आणि त्या लहानग्या बाकांवर गुडघे हनुवटीपाशी आलेले वीस-पंचवीस थोराड पुरुष, एका कोपऱ्यात दोन स्त्रिया. हजेरीपट नव्हता. अध्यक्ष म्हणावे असे कोणी नव्हते. ज्याची पाळी होती त्याने एक छोटे निवेदन वाचले, त्यात एवढेच होते की सभासदत्वासाठी वर्गणी नाही आणि पिणे थांबवण्याच्या इच्छेखेरीज दुसरी अट नाही. मग एकेक जण उठे, पहिले नाव सांगे, मद्यपाशाच्या आजाराने आपण पीडित आहोत असे म्हणे, आणि बाकीचे सर्व त्या नावाला नमस्काराने ओ देत. एका रिक्षावाल्याने सांगितले की आज स्टँडवर भाडे नव्हते तेव्हा पाय दुकानाकडे वळले होते, म्हणून तो रिक्षा तशीच सभेला घेऊन आला. त्याच्यानंतर उठलेल्या, उघडच प्राध्यापकी थाटाच्या गृहस्थांनी पुस्तकांच्या कपाटात, जाडजूड शब्दकोशांच्या मागे बाटल्या कशा लपवीत ते सांगितले आणि सगळा वर्ग खदखदून हसला. ते हसणे मला समजायला वेळ लागला. कुचेष्टेचा त्यात लेश नव्हता; प्रत्येकाला आपापले कपाट आठवले होते. कोणी कोणाला सल्ला दिला नाही, कोणी मध्ये बोलले नाही, ‘तुम्ही असे करायला हवे होते’ हे वाक्य, ज्यावर माझ्या आयुष्यातली निम्मी संभाषणे पोसली गेली, ते तेथे एकदाही उच्चारले गेले नाही. तपासणीच्या कामात मी शेकडो जबान्या लिहून घेतल्या आहेत, आणि मनुष्य स्वतःविषयी बोलताना कोणत्या ठिकाणी गाळतो हे मला कळते असा माझा समज आहे. येथे गाळण्याच्या जागीच लोक थांबत होते आणि मग तेच सांगत होते.

एका सभासदाच्या दारूमुक्तीला त्या दिवशी वर्ष पुरे होत होते. याला ते ‘बर्थडे’ म्हणतात. केक कापला गेला, आणि पहिला तुकडा त्याने घरच्यांना न देता दादाच्या हातावर ठेवला, कारण दादा त्या खोलीतला सर्वांत नवा होता. तेव्हा मला फोनवरच्या गृहस्थांचे वागणे उमगले. आम्ही बाहेरून सभेचा पत्ता शोधत होतो खरे, परंतु आत बसलेले लोकही आठवड्याच्या आठवडा दाराकडे डोळे लावून होते. नवा माणूस आला नाही तर जुन्याला आपली गोष्ट सांगायची ती कोणाला? अॅक्रनच्या हॉटेलात विल्सनला जे सुचले त्याचाच हा विस्तार होता. पुण्याच्या मुक्तांगणात, जे सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने १९८६ साली सुरू केले, पूर्वी उपचार घेतलेली माणसेच पुढे कार्यकर्ते म्हणून नव्या रुग्णांपाशी बसतात. तेथेही भगीरथाला त्याचे योग्य काम मिळाले आहे.

या सभांनी सगळेच तरतात असे नाही. काही जण दोन वेळा येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. काहींना ए.ए.च्या बारा पायऱ्यांतला परमेश्वर अडतो, जरी ‘आपल्याला समजेल तसा’ एवढी सवलत त्यात आहे, आणि ती सवलत आमच्या तेहतीस कोटींच्या देशात अमेरिकेपेक्षा अधिक सहज पचावी. नावे नोंदायचीच नाहीत म्हटल्यावर हिशेब कसा ठेवणार, असा माझा दफ्तरी आक्षेप होता. त्याला उत्तर मिळाले ते २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेने केलेल्या आढाव्यात: सत्तावीस अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे तपासून निष्कर्ष असा, की संपूर्ण मद्यत्याग टिकवण्याच्या कामी ए.ए.कडे नेणारी पद्धत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा काहीशी सरस ठरते, बाकी बाबतींत त्यांच्या बरोबरीची. ‘काहीशी’ हा शब्द मला पटला. वहिनी गुरुवारी आपल्या मंडळीत जातात, आणि दादा उशिरा आला तर पूर्वीसारख्या त्याच्या तोंडाजवळ जात नाहीत. हे त्यांना कोणी शिकवले ते त्या सांगत नाहीत.

त्या दिवशी सभा संपता संपता एक कापडी पिशवी फिरली. खोलीचे भाडे, चहा, छापील पत्रके यांचा खर्च तीतूनच निघतो. मीही कृतज्ञतेने पाचशेची एक नोट आत टाकली. बाहेर पडताना खजिनदाराने मला फाटकापाशी गाठले आणि नोट हातात परत ठेवली. “माफ करा काका, बाहेरच्यांकडून आम्ही घेत नाही. ज्यांना लागते त्यांनीच चालवायचं.” मी त्याला दहा तऱ्हांनी समजावले. हिशेबात अज्ञात दात्याच्या नावे जमा धरा, असेही सुचवून पाहिले. तो हसला आणि म्हणाला, “इथं सगळेच अज्ञात आहेत.”

पुढे काही महिन्यांनी दादा आणि मी एका लग्नाहून रिक्षाने परतत असता त्याला फोन आला. सिव्हिल हॉस्पिटलात कोणी नवा दाखल झाला होता, आणि फाटकापाशी उभे राहणाऱ्या त्या गृहस्थांबरोबर त्याला भेटायला जायचे होते. मीही येतो, मला त्या वॉर्डातले डॉक्टर माहीत आहेत, असे मी म्हणालो.

“तुझं तिथं काय काम?” दादा म्हणाला. “तू कधी प्यायलाच नाहीस.”

त्र्यंबक नाक्यावर रिक्षा थांबवून तो उतरला आणि मागे न बघता दवाखान्याच्या फाटकाकडे चालू लागला. भाडे मी द्यावे, हे त्याने गृहीतच धरले होते.